यंदा थोरली नाही

"कुणीतरी माझ्या लेकाला सांगा रे, की लक्ष्म्या दोन असतात! एक थोरली, एक धाकटी. शेंबड्या पोराला कळतं ते ह्या पन्नाशीच्या घोड्याला कळत नाय. सगळ्या एकीसारख्या एक! जशा काय जुळ्याच जन्माला घातल्या!"

कडूबाईनं हे ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की समोरच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाया वळून बघायला लागल्या. त्यांनी वळून बघावं म्हणूनच तिनं सांगितलं होतं. लेकाला एकट्यात घेऊन बोलणं तिला माहीतच नव्हतं. चार माणसांत बोललं की माणूस सुधारतो, असं तिचं मत. पण गोकुळ सुधारण्यातला नव्हता. पत्र्याच्या शेडात मांडी घालून तो बसला होता. मांडीवर लक्ष्मीचा मुखवटा, हातात बारीक ब्रश, मान खाली.

"ऐकू आलं का?"

"आलं, माय."

"मग?"

गोकुळनं ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला आणि पुन्हा काम सुरू केलं. ह्या घरातले बापे असेच. बोलायची वेळ आली की ह्यांना ब्रश धुवायचा असतो.

हर्सूलच्या त्या गल्लीत हे घर मुखवट्यांचं घर म्हणूनच ओळखलं जातं. पूर्वी हे लोक शहरात कुंभारवाड्यात राहायचे, जागा पुरेना तेव्हा इकडं आले. नागपंचमी झाली की शेडभर लक्ष्मीची तोंडं वाळत पडतात. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात ना घरोघर, दोघी बहिणी, तीन दिवस माहेरपणाला, त्यांची ही तोंडं. तोंड साच्यातून निघतं तेव्हा सगळी सारखीच असतात. नाक तेच, गाल तेच, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या गुळगुळीत खोबण्या. जीव येतो तो आखणीत. भुवई, पापणी, बुबुळ, ओठ, हे सगळं हातानं काढायचं. कडूबाईचा नवरा सखाराम होता तोवर आखणी त्याची, तो गेल्यावर गोकुळची. आणि कडूबाईचं काम जोड लावायचं. हातानं काढलेली दोन तोंडं कधी एकसारखी येत नाहीत. कुठल्या थोरलीशेजारी कुठली धाकटी शोभेल, ते ती उन्हात खुर्ची टाकून, एकेक तोंड फिरवून ठरवायची. तिसरीत शाळा सुटलेली बाई, पण तोंड वाचायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आणि यंदा जोड लावायला काही उरलंच नव्हतं. कुठलंही तोंड उचला, कुठल्याही तोंडाशेजारी ठेवा.

गुलमंडीत ज्यांच्या दुकानात हे मुखवटे जायचे, त्या काकासाहेबांचा सकाळीच फोन आला होता. "कडूबाई, बाया जोड परत आणू राहिल्या. म्हणतात, दारातून आधी कुणाला आत घ्यायचं? यातली थोरली कोणची? मी म्हणालो, ताई, जी उजव्या हाताला धराल ती थोरली. तर ती बाई मलाच म्हणती, तुमच्या घरात असं चालतं का?"

हंगामाच्या सुरुवातीलाच कडूबाईनं गोकुळच्या डोळ्यांवर खापर फोडून झालं होतं. त्याला जबरदस्तीनं चष्म्यावाल्याकडं पाठवलं. नंबर वाढलेलाच निघाला. नवा चष्मा आला, आणि त्या नव्या चष्म्यानं त्यानं जी आखणी केली तिच्यात ते तोंड आणखीनच साफ दिसायला लागलं.

ते तोंड कुणाचं, हे कडूबाईनं पहिल्याच जोडीला ओळखलं होतं. डाव्या भुवईचं टोक जरासं वर उचललेलं. काही विचारलं आणि उत्तर द्यायचं नसलं की प्रेरणाची भुवई तशी वर जायची. लहानपणी दूध सांडलं की तशी, दहावीचा निकाल लपवला तेव्हा तशी. पण ओळखलं तरी बोलायचं कसं? प्रेरणाचं नाव ह्या घरात काढायचं नाही, हा हुकूम तिचाच. म्हणून ती ब्रशला नावं ठेवायची, रंगाला ठेवायची, चष्म्याला ठेवायची, आणि त्या भुवईबद्दल गप्प राहायची. आणि तेच तोंड पेंढ्यात बांधून, खोक्यात घालून, शहराला पाठवायची. घरोघर बाया त्या तोंडाला हळदीकुंकू लावणार, पुरणपोळी आणि आंबील दाखवणार, माहेरवाशीण म्हणून दारात थांबून पाय धुणार. सगळ्या गावात नात पाहुणी जाणार होती. फक्त ह्या घरात नाही.

प्रेरणा म्हणजे गोकुळची एकुलती एक लेक. वाळूजच्या एका कंपनीत कामाला लागली, तिथंच अभय भेटला. पोरगा शिकलेला, स्वभावानं शांत, बजाजनगरात आईबापांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर. बौद्ध घरातला. प्रेरणानं घरी सांगितलं, कडूबाईनं नाही म्हटलं, प्रेरणानं कोर्टात लग्न केलं आणि दोघं पाया पडायला दारात आले. कडूबाई उंबऱ्यात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"तुला यायचं तर ये. हा भाईर."

प्रेरणाची भुवई वर गेली. तिनं आजीकडं बघितलंच नाही. आजीच्या खांद्यावरून ती मागं बघत होती, शेडाच्या दारात उभ्या असलेल्या बापाकडं. बघत राहिली. गोकुळच्या हातात रंगाची वाटी होती. तो त्या वाटीत बघत होता. मग पोरगी वळली आणि दोघं गाडीवर बसून गेली.

त्याच्यानंतरच्या हंगामाची ही तोंडं.

काकासाहेबांचा फोन येऊन गेला त्याच दुपारी वच्छलाबाई आली. कुंभारवाड्यातली जुनी शेजारीण, कडूबाईच्याच वयाची, गुडघ्यांनी थकलेली पण जिभेनं नाही. पदराखाली तिनं एक पिशवी आणली होती, पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली लक्ष्म्यांची जोडी.

"रंग द्यायचा होता. गाल उडाले बघ. तुझ्या मालकाच्या हातच्या हायेत, दुसऱ्याकडं देववत नाय."

"दे इकडं." कडूबाईनं लुगडं सोडलं. सखारामची आखणी तिनं बरीच वर्षं जवळून बघितली नव्हती. त्याच्या हातचं घरात काही उरलंच नव्हतं, सगळं विकून मोकळं झालेलं. "बघ बाई, ह्याला म्हणतात कारागिरी. ही थोरली, ही धाकटी. आंधळ्यानं हात फिरवला तरी कळंल. नाहीतर आमचा!" हे शेडाकडं तोंड करून.

वच्छलाबाई खुदकन हसली. "थोरली तर कळणारच. रोज नळावर भांडायची ती माझ्याशी."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? तूच की."

"कोण मी?"

"अगं, अख्ख्या कुंभारवाड्याला ठाऊक होतं! आम्ही हसायचो ना. म्हणायचो, कडूबाई वर्षभर आपल्याला शिव्या देती आणि भादव्यात येऊन आपल्याच घरी पुरणपोळी खाती." तिनं थोरलीच्या कपाळावर बोट ठेवलं. दोन भुवयांच्या मधी, कुंकवाच्या जागेच्या वर, केसाएवढी बारीक रेघ होती. "ही आठी बघ. देवीला आठी असती का कुठं? सखारामदादाला विचारलं होतं एकदा. तर तो म्हणाला, थोरल्या बाईला घर सांभाळायचं असतं, आठी पडणारच."

कडूबाईचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडं गेला.

"त्या माणसानं मला उभ्या जन्मात बरी दिसतीस म्हणून सांगितलं नाय," ती म्हणाली. "नवं लुगडं नेसून समोर उभी राहिले तर म्हणायचा, दारातून बाजूला व्हय, उजेड अडतो."

"मग काय, बघायला उजेड लागतोच की!" वच्छलाबाई आणखी हसली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "अन् गोकुळनं बापाचंच चालू ठेवलं. माझ्या सुनेनं जोडी नेली ना मागं, तिच्यातल्या थोरलीच्या गालाला खळगा पडलेला होता. दर साली तो तुला थोडी थोडी म्हातारी करायचा. बायांना आवडायचं ते. म्हणायच्या, थोरली कशी घरातली मोठी बाई वाटती, धाक वाटतो. यंदा कामून बंद केली गं?"

कडूबाईनं उन्हात वाळत टाकलेल्या तोंडांकडं बघितलं. ओळीनं प्रेरणा. दुसऱ्या ओळीत प्रेरणा. पत्र्याला टेकवून ठेवलेल्या, पाट्यावर पालथ्या घातलेल्या, सगळ्या प्रेरणाच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या शेडात कडूबाई कुठंच नव्हती, आणि आपण तिथं होतो हे तिला आत्ता, नसल्यावर, कळत होतं.

वच्छलाबाईला चहा पाजून वाटेला लावलं आणि ती उठून शेडात गेली. गोकुळसमोर पाट ओढून बसली. सखारामची थोरली तिनं त्याच्यापुढं ठेवली.

"ही काढ."

गोकुळनं मुखवट्याकडं बघितलं, मग आईकडं. तेवढ्यातच त्यानं सगळं ओळखलं, आणि तिनंही ओळखलंय हे त्याला कळलं.

"समोर ठेवून काढ. मी बसते हितं. चष्मा लावून नीट बघ अन् काढ."

त्यानं कोरं तोंड उचललं. ब्रशाचं टोक ओठात धरून टोकदार केलं. उजवी भुवई काढली, ती बरी आली, जाड, सरळ, कडूबाईसारखी. मग डावी. ब्रश नाकाच्या कडेपासून निघाला, मधोमध सरळ आला, आणि टोकाशी येऊन आपसुक वर वळला.

गोकुळनं ओल्या फडक्यानं पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा तसंच. आता त्यानं डावीपासून सुरुवात केली, तर डोळा काढताना पापणी अशी उतरली की बघणारी कुणाच्या तरी खांद्यावरून मागं बघतेय असं वाटावं. त्यानं ते तोंड पुसलं. इतकं पुसलं की खालचा अंगाचा रंगही निघाला आणि गालावर पांढरा डाग पडला.

"माझ्यावर राग हाय व्हय?" कडूबाईनं विचारलं. तिच्या मानानं हळूच.

"नाय."

"खरं सांग. हितं दळणवाल्या बाया नायत."

"राग नाय, माय. मी ठरवून करत नाय हे. दर बारीला थोरली काढायलाच बसतो." त्यानं ब्रश खाली ठेवला. "थोरली काढायची म्हणजे तुझं तोंड आठवावं लागतं. आठवायला गेलो की ते दारातलंच येतं. त्या दिवशीचं. ते देवीला कसं देऊ? लोक त्याच्यापुढं हात जोडतात. म्हणून ते टाळतो, तर मग हात दुसरीकडं जातो. तिच्याकडं."

कडूबाईला ह्याच्यावर काहीतरी सडेतोड बोलायचं होतं. आयुष्यभर तिला सडेतोड सुचलं होतं. आज ती नुसती उठली, पदर खोचला आणि बाहेर येऊन सुनेला हाक मारली.

"रत्नमाला! चप्पल घाल. बजाजनगरला जायचं."

रत्नमाला म्हणजे गोकुळची बायको, प्रेरणाची आई. कणीक मळलेले हात घेऊनच ती दारात आली. "आत्ता, आत्याबाई?"

"मग काय मुहूर्त काढू? गुलमंडीचा माल अडलाय. पोरगी घरी येऊन गेली की ह्याचा हात जागेवर येईल." कडूबाईनं कारण कामाचंच सांगितलं. तिला स्वतःलाही तेच सांगितलं. "घर ठाऊक हाय का कुणाला तिचं?"

"विचारत विचारत जाऊ की," रत्नमाला हात धुता धुता म्हणाली.

आणि रिक्षा बजाजनगरात शिरल्यावर ती रिक्षावाल्याला सांगायला लागली, "ह्या मेडिकलपासून डावीकडं घ्या दादा. आता त्या पाण्याच्या टाकीला वळसा. हळू, हितं मोठा खड्डा हाय. बास, बास, हिरवं गेट."

कडूबाई समोर बघत म्हणाली, "विचारत विचारत लई लवकर सापडलं."

रत्नमालानं पिशवी छातीशी धरली. पिशवीतून तुपाचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता. कडूबाईनं वास ओळखला. एरवी ह्याच्यावर तिनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं असतं. आज म्हणाली, "चटणीत लसूण घातला का? तिला बिनलसणाची आवडत नाय."

रत्नमाला पदरानं डोळे टिपायला लागली तर तिला दटावलं, "रडायचं नाय. आपण मागायला आलो नाय, बोलवायला आलो."

वाटेत तिनं मनाशी सगळं ठरवलं होतं. नुसतं 'ये' म्हणायचं नाही. 'दोघं या' म्हणायचं. पुढचं पुढं. लोक काय चार दिवस बोलतील. आपण कुणाचं ऐकून घेतलंय कधी? हे ठरलं तेव्हा तिला बरंच हलकं वाटलं होतं, आणि आपल्याच मोठेपणाचं जरा कौतुकही.

दार अभयनं उघडलं. अंगावर कंपनीचा शर्ट, नुकताच पहिल्या पाळीवरून आलेला. त्यानं बघितलं, क्षणभर थांबला, मग बाजूला होऊन म्हणाला, "या ना आजी. आई, या." पंखा मोठा केला, एकुलती एक खुर्ची पंख्याखाली ओढली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली ताजा हार. घर झाडून लख्ख. कडूबाईला उगीचच वाटलं होतं की नातीचं घर पसाऱ्यानं भरलेलं असेल, आणि आपल्याला निदान तेवढं तरी बोलता येईल.

प्रेरणा आतून आली. अंगानं थोडी भरली होती. आजीला बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"लक्ष्म्यांना ये," कडूबाई म्हणाली. नमस्कार नाही, कशी हायेस नाही. पाठ करून आणलेलं एका दमात म्हणून टाकलं. "अनुराधावर यायचं, मूळ नक्षत्रावर जायचं. तीन दिवस. दोघं या."

रत्नमालाच्या तोंडून "आत्याबाई!" एवढंच आलं. प्रेरणानं अभयकडं बघितलं, अभयनं तिच्याकडं. मग प्रेरणाचा चेहरा असा उजळला, की कडूबाईला वाटलं, झालं. काम झालं. उद्या गोकुळ थोरली काढणार.

"दोघं, आजी? खरंच?"

"मी खोटं बोलते व्हय कधी?"

"आजी, आधी पाणी घ्या," अभय म्हणाला. "ऊन लई आहे." त्यानं तांब्या आणि भांडं आणलं, पाणी ओतलं आणि भांडं तिच्यासमोर स्टुलावर ठेवलं.

हर्सूलपासून रिक्षानं येईपर्यंत कडूबाईचा घसा सुकला होता. पाणी समोर होतं. भांड्याला बाहेरून गार थेंब धरलेले. तिनं मांडीवरच्या उजव्या हाताला सांगितलं, उचल. हात तिथंच राहिला. तिनं पुन्हा सांगितलं. ह्या हातानं तिनं सासूला शेवटची अंघोळ घातली होती, नवऱ्याला घातली होती, गल्लीत भांडणाऱ्या गड्याच्या कानफटात दिली होती. कशालाच तो कधी नाही म्हणाला नव्हता. आज तो कुणा दुसऱ्याचाच असल्यासारखा मांडीवर पडून राहिला. तिच्या आईनं, आजीनं, त्यांच्याही आधीच्या बायांनी त्याला काय शिकवून ठेवलं होतं, ते तो विसरायला तयार नव्हता.

अभयला कळलं. तो हसून म्हणाला, "फिल्टरचं आहे आजी, घ्या बिनधास्त." जसं काही अडचण पाण्याच्या स्वच्छतेचीच होती. कडूबाईला त्याचा तो चांगुलपणा थप्पडीसारखा लागला. तो आत गेला, दुसरं कोरं भांडं घेऊन आला, माठातलं पाणी भरून पहिल्याशेजारी ठेवलं. आता दोन भांडी झाली.

"उपास हाय माझा," कडूबाई म्हणाली.

पाण्याला उपास नसतो हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. रत्नमालानं झटकन एक भांडं उचललं आणि घटाघटा पिऊन टाकलं, पाणी हनुवटीवरून ओघळलं. पण तिच्या पिण्यानं काय होणार होतं? ती तर इथं येऊन जेवून जात असणार.

प्रेरणा उरलेल्या भांड्याकडं बघत होती. तिची डावी भुवई हळूहळू वर गेली. कडूबाईनं ती जाताना बघितली, आणि ती थांबवायला तिच्याकडं काहीच नव्हतं.

"आजी, हे तिकडं आले तर जेवायला कुठं बसवशील?"

"घरात. कुठं म्हंजी?"

"पंगतीत? तुझ्या शेजारी?"

कडूबाईनं तोंड उघडलं. होय म्हणायचं होतं. तिला कुठलंही होय एवढं जड कधी गेलं नव्हतं.

"बसवीन की," ती शेवटी म्हणाली, पण तोवर उशीर झाला होता.

"नको गं आजी," प्रेरणा म्हणाली. रागानं नाही, समजावल्यासारखं. "तू आलीस हेच लई झालं. माझं मी सोसते, पण ह्यांना मी तिथं घेऊन येणार आणि तू ताट वाढताना तुझा हात असा मांडीवर राहणार, ते मला बघवणार नाय."

"अगं, मी म्हणाले ना दोघं या!"

"म्हणालीस."

अभय म्हणाला, "मी नाही आलो तरी चालेल, तू जाऊन ये." प्रेरणा त्याच्यावरच उखडली. "तू गप. तू चांगला आहेस म्हणून सगळ्यांचं फावतं." मग ती आजीच्या पाया पडली. उठताना तिनं आजीचा तो उजवा हात दोन्ही हातांत घेतला, जरासा दाबला आणि पुन्हा तिच्या मांडीवर ठेवून दिला. कडूबाईच्या मनात आलं, आता तरी उचलावं, ते पाणी पिऊन टाकावं, सगळं पिऊन टाकावं. पण आता प्यालं तरी ते दाखवायलाच झालं असतं.

परतीच्या रिक्षात रत्नमालाची पिशवी रिकामी होती.

घरी आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. गोकुळ शेडाच्या दारात उभा होता. त्याच्या हातात नुकती आखणी झालेलं तोंड होतं, रंग अजून ओला. तो आईच्या मागं बघत होता, कुणी उतरतंय का म्हणून. रिक्षा रिकामीच वळून गेली तरी बघत होता.

रत्नमाला आत निघून गेली. गिरणीवाला पट्टा बंद करत होता, तीनचार बाया दळणाचे डबे घेऊन रेंगाळत होत्या. कडूबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती ओट्यावर चढली नाही, खुर्चीत बसली नाही. शेडापुढंच उभी राहिली. गोकुळच्या हातातलं तोंड तिनं घेतलं, पडत्या उजेडाकडं फिरवलं. प्रेरणाचंच तोंड. चांगलं होतं. इतकं चांगलं सखारामलाही जमलं नसतं. सबंध आयुष्यात तिनं एवढं खरं तोंड बघितलं नव्हतं, आणि ते तिच्याकडं बघत नव्हतं.

"येत नाय ती," ती म्हणाली.

गोकुळनं मान हलवली. मग सवयीप्रमाणं खाली वाकून त्यानं ब्रश उचलला, धुवायला.

"ठेव तो ब्रश! ठेव म्हणते ना! आज धुवायचा नाय." तिचा आवाज फुटला, पण तिनं तो सोडला नाही. "तुझा बाप तसा, तू तसा. त्याला जे मला सांगायचं होतं ते त्यानं गावाच्या देवघरांत नेऊन ठेवलं, अन् मला ते मेल्यावर शेजारणीकडून कळलं. तुला जे मला म्हणायचं होतं ते तू ह्या तोंडांत घातलंस अन् गुलमंडीला पाठवलंस. मोठा कारागीर हाईस, गोकुळ. तुझ्यासारखा ह्या शहरात नाय, हे मी सांगते. पण बाप म्हणून तू कवडीचा नायस. त्या दिवशी मी दारात उभी होते, ती तुझ्याकडं बघत होती, अन् तू वाटीत बघत होतास. एकदा, एकदाच मला म्हणायचं होतंस, माय, बाजूला हो. मी झाले असते का, ते मला ठाऊक नाय. पण तू म्हणायचं होतंस."